मिनिमलिझम, नवीन वर्ष आणि सासूबाईंची ट्रंक

मावशी, मी ३४ वर्षांची, डोंबिवलीत टू बीएचकेमध्ये राहते, घरात नवरा, ७ वर्षांचा मुलगा, ६७ वर्षांच्या सासूबाई आणि मी. नोकरीला रोज ठाण्याला जाते. घरात पसारा इतका की कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात. तीन महिन्यांपासून मिनिमलिझमचे व्हिडिओ बघतेय आणि ठरवलंय की १ जानेवारीपासून मोजक्याच वस्तूंत राहायचं. सासूबाई दहा दिवस गावी गेल्या होत्या, माण तालुक्यात, तेव्हा सुरुवात म्हणून मी माळा रिकामा केला. त्यांची पत्र्याची ट्रंक, तांब्याचा बंब आणि नावं घातलेल्या स्टीलच्या ताट-वाट्यांचं एक पोतं भंगारवाल्याला दिलं, साडेसहा हजार आले, त्यातून कपाटासाठी पांढऱ्या बास्केट आणि ऑर्गनायझर मागवले. सासूबाईंनी आल्यावर माळ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मलाही देऊन टाक एक दिवस." आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो विचारायला हवं होतंस. पण पंधरा वर्षं कुणी हात लावला नव्हता त्या सामानाला! त्या स्वतः दरवर्षी एक बोचकं घेऊन वारीला जातात, वीस दिवस काही लागत नाही, मग घरीच सगळं का लागतं? घरच्यांना मिनिमलिझम कसं पटवू?
— पसाऱ्याला कंटाळलेली

अगं,

तू मावशी म्हणालीस म्हणून मी पण मावशीसारखंच लिहिते, आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे जरा नंतर येते, कारण आधी हे वाचून झालं की पायात चप्पल घाल आणि त्या भंगारवाल्याकडे जा. उशीर झालाय पण अगदीच गेलं असं समजू नकोस. ह्या छोट्या दुकानांत माल आला की तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड असं वेगवेगळं करून ठेवतात आणि पुरेसं जमलं की टेम्पो भरून मोठ्या गोडाऊनला जातं, त्यामुळे एवढ्या दिवसांत सगळं वितळून गेलं असेलच असं नाही. तांब्याचा बंब तर बऱ्याचदा वितळवतच नाहीत, जुन्या वस्तू घेणारे लोक तो उचलतात आणि घासूनपुसून कुणाच्या तरी फार्महाऊसवर शोभेला उभा राहतो. ताटांचं पोतं कोपऱ्यात तसंच पडलेलं असू शकतं. ट्रंकला तर काही भावच नाही, पत्राच तो, दुकानातच कुणीतरी त्यात सामान ठेवत असेल. तेव्हा जा, विचार, दिलेल्यापेक्षा जास्त पैसे मागेल, दे. नवऱ्याला पाठवू नकोस, तूच जा. आणि त्याने पुढे कुणाला दिलं असेल तर त्याचा नंबर घे आणि तिथेही जा.

मिळो न मिळो, त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाईंपाशी बस आणि म्हण, "आई, मी न विचारता दिलं, माझं चुकलं." एवढंच. त्यापुढे "पण तुम्ही पंधरा वर्षं" वगैरे काही नको, तो "पण" तुझ्या पत्रात आलाच आहे आणि माफी मागताना तो एकदा जरी आला ना तर आधीचं सगळं फुकट जातं. त्या लगेच बोलतील असंही नाही, नाही बोलल्या तर नाही, तू तुझं बोलून चहा टाक.

आता मी तुला त्या पोत्याबद्दल सांगते, कारण मला वाटतं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी माझी आई गेली, आणि कऱ्हाडचं तिचं स्वयंपाकघर मी आणि माझ्या बहिणीने मिळून आवरलं. फळीवर स्टीलची ताटं उभी लावलेली, एक ताट मी हातात घेतलं आणि काठावर बघितलं तर बारीक बारीक ठिपक्यांनी कोरलेलं, "चि. सौ. कां. हीस मामाकडून सप्रेम भेट, ता. १४-५-७१". पूर्वी भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस मशीन घेऊन बसलेला असायचा, विचारायचा काय घालायचं, आणि टर्रर्र आवाज करत अक्षरं उमटवायचा, अक्षरावर पैसे, म्हणून लोक नावं आखूड करायचे. ह्या मामाचा आमच्याकडे एकही फोटो नाही. आईचं बोट त्या काठावरून फिरायचं ते मला आठवतंय, जेवायला बसलं की आम्ही भावंडं भांडायचो, आज मामाचं ताट मला, आज आत्याची वाटी मला. म्हणजे बघ, तू ज्याला पंधरा वर्षं न वापरलेलं स्टील म्हणतेस त्यावर त्यांच्या लग्नाला आलेली सगळी माणसं होती, आणि त्यातली बरीचशी आता फक्त तिथेच असतील. आम्ही बहिणींनी काय केलं, प्रत्येकी चार भांडी घेतली, अगदी रोज वापरायला, बाकीची गावातल्या एका मंडळाला दिली जे लग्नाकार्याला भांडी देतात, आणि द्यायच्या आधी प्रत्येक नावाचा फोनवर फोटो काढला. पूर्ण एक दुपार गेली. पण ते आम्ही ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही, आणि आईच्या माघारी ठरवलं. तुझ्या सासूबाई तर समोर बसल्यात.

दुसरं, माण तालुका. तुझं सासर कुठलं आहे ह्याचा विचार कर जरा. माण-खटाव म्हणजे पावसाच्या छायेतला मुलूख, आणि सासूबाई आज ६७ म्हणजे १९७२ च्या दुष्काळात तेरा-चौदा वर्षांच्या. त्या वर्षी बायका-पोरं खडी फोडायला, तलावाच्या कामावर जात होती, कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं, रेशनवर तांबडा मिलो म्हणजे परदेशी ज्वारी, जी आपल्या ज्वारीसारखी लागायची नाही म्हणून आजही त्या पिढीचे लोक नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्या घरात दोन लुगडी आणि चार भांडी होती ती कुणी निवडून ठेवलेली नव्हती. अशा माणसाला "आई, कमी वस्तूंत किती छान वाटतं" हे सांगायला गेलीस तर त्यांना तू काय म्हणतेयस ते कळणारच नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी तुझ्या सासूबाईंना ओळखत नाही, कदाचित त्यांच्या घरी बरं चाललं असेल त्या वेळी, म्हणून तूच विचार त्यांना एकदा निवांत, बहात्तर साली तुम्ही कुठे होता. उत्तर काही का येईना, तू विचारलंस हे त्यांना भिडेल आत कुठेतरी.

आणि आता ती ओळ, जी तू पत्रात तक्रार म्हणून लिहिलीस आणि मला सगळ्यात जास्त आवडली, ती बोचक्याची. अगं तुझ्या घरात वीस-वीस दिवस एका बोचक्यावर राहणारी बाई आहे आणि तू मिनिमलिझम शिकायला व्हिडिओ बघतेस! आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जेवण दिंडीत, झोपणं राहुटीत नाहीतर कुणाच्या पडवीत, बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायचं पण सकाळी आणि मुक्कामाला स्वतःच शोधून उचलायचं. माझी मोठी जाऊ जाते दरवर्षी, मी तिचं बोचकं बांधताना बघितलंय. जुन्या लुगड्याचा चौकोन खाली अंथरायचा, त्यावर घोंगडी नाहीतर सतरंजी, मग दोन पातळं, एक टॉवेल, ताट-वाटी-तांब्या, पावसाचा प्लास्टिकचा कागद, गोळ्यांची पुडी, खोबरेल तेलाची छोटी बाटली, आणि पायाला भेगा पडतात म्हणून मेणाची डबी. एकेक वस्तू हातात घेऊन ती म्हणते, "हे गेल्या वर्षी लागलं का?" नाही लागलं तर बाजूला. टाळ मात्र दर वर्षी जातात, त्याला ती विचारत नाही.

तेव्हा "घरच्यांना मिनिमलिझम कसं पटवू" ह्याला माझं उत्तर असं आहे की पटवू नकोस, शिकून घे. सासूबाई बोलायला लागल्या की त्यांना सांग, आई मला बोचकं बांधून दाखवा. खरं खरं बांधायला लाव, पलंगावर. काय घेतात, काय सोडतात, का सोडतात, ते विचार. आणि मग त्यांना म्हण, चला आता माझं कपाट बघू. माझं, लक्षात आलं ना? माळ्याचं नाव काढू नकोस निदान पाडव्यापर्यंत. तुझा मूळ प्रश्न पत्राच्या तिसऱ्या वाक्यात होता, कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात, आणि ते कपडे काही सासूबाईंचे नव्हते. माळा तर बंद होता बिचारा, तो कुणाच्या अंगावर येत नव्हता, पण दुसऱ्याचं सामान काढणं सोपं असतं, आपला कुर्ता हातात घेतला की लगेच आठवतं हा बाराशेचा आहे, हा बारीक झाल्यावर होईल, हा बहिणीने दिलाय. मला माहितीय कारण माझंही असंच होतं.

कपाटाचं सोपं आहे. १ जानेवारीला सगळे हँगर उलटे अडकव, म्हणजे हूक तुझ्याकडे तोंड करून. जो कपडा घातलास आणि धुऊन परत ठेवलास तो सरळ अडकवायचा. बाकी काही करायचं नाही, काही काढायचं नाही, लोकलच्या गर्दीतून दमून आल्यावर कुणाला दर रविवारी आवरायला जमतंय. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला आहे, त्याच्या आधी घर झाडतोच आपण, तेव्हा बघायचं किती हँगर अजून उलटे आहेत. अडीच महिन्यांत हिवाळा संपून उन्हाळा लागलेला असतो, ऑफिस झालं, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, एखादं लग्न झालं, तरी जो घातला नाही तो कशाला ठेवायचा हे तुझं तुला दिसेल. पैठणी वगैरे चार-पाच भारी साड्या यातून वगळ, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

त्या पांढऱ्या बास्केट अजून परत करता येत असतील तर कर, ते पैसे बंब सोडवायला लागतील. नसतील होत तर एक सासूबाईंना दे, त्यांच्या पोथ्या-औषधांना, एक मुलाला. पसारा नीट घड्या करून डब्यात भरला की तो कमी होत नाही गं, फक्त दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण अजून आणतो.

आणि आता खरा मुद्दा, ज्यावर मला तुझ्याशी तासभर बोलता आलं असतं. आपल्या घरात सामान येतं कुठून? अर्धं आपण विकत आणतो हे खरं, पण अर्धं रीतीभातीतून येतं, आणि ते परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण त्यांना वाण माहिती नाही. १४ जानेवारीला संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, तुझ्या सोसायटीत पंचवीस-तीस घरी तरी जाशील, प्रत्येक ठिकाणी एक प्लास्टिकचा डबा नाहीतर गाळणी नाहीतर साबणाची डिश. म्हणजे १ तारखेला तू मिनिमलिस्ट झालीस आणि महिना संपायच्या आत तीस वस्तू घरात, त्याही अशा की ज्या कधी मागितल्या नव्हत्या. आणि तूही तीस जणींना देणार, मस्जिद बंदरहून डझनाच्या भावाने आणलेलं काहीतरी.

मूळ संक्रांतीचं वाण आठव. सुगडात काय असतं? बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, वर तीळगूळ. सगळं खाऊन संपणारं, आणि सुगड मातीचं. आपल्या आज्यांनी कुठलाही शब्द न वापरता हे करून ठेवलं होतं, प्लास्टिक नंतर आलं. तर ह्या वर्षी तुझ्या घरचं वाण सासूबाईंना ठरवू दे. साताऱ्याकडच्या बायकांच्या हातची शेंगदाण्याची चटणी, तिळाची, जवसाची, काय सांगू तुला, डोंबिवलीतल्या मुली डबा पुसून खातील. पावशेर-पावशेर कागदाच्या पुड्यांत बांधा, सासूबाईंनी कुटायचं, तू आणि मुलाने बांधायचं. आवा म्हणतात त्याला, वाण लुटायचं, तर लुटा ना असं. आणि दुसऱ्यांकडे गेल्यावर जे मिळेल ते दोन्ही हातांनी घे, तिथे कुणाला मिनिमलिझम समजावू नकोस, हळदीकुंकवाच्या घरी वाण नाकारणं म्हणजे त्या बाईला दुखावणं. घरी आणून जे वापरात येईल ते ठेव, बाकीचं एका पिशवीत, घरकामाला येणाऱ्या मावशींना विचार त्यांना यातलं काय हवंय. विचार म्हटलं, देऊन टाक नाही म्हटलं. त्यांचंही घर लहान आहे, तुझ्यापेक्षा लहान.

बरं, २०२६ मध्ये अजून एक आहे, मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतोय, म्हणजे तुझ्या माहेरून जावयाला अधिकाचं वाण येणार, ३३ अनारसे आणि सोबत तांब्याचं नाहीतर चांदीचं काहीतरी. आईला आत्ताच फोन करून सांग, अनारसे भरपूर कर, भांडं नको. आई आपली असते, तिला महिनाभर आधी सांगितलं तर वाईट वाटत नाही, आणून ठेवल्यावर सांगितलं तर वाटतं. लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" लिहायला लागले तेव्हाही लोकांना आधी खटकलं होतं, आता खटकत नाही.

विकत आणायचं म्हणशील तर २६ जानेवारीच्या आसपास सगळीकडे सेल लागतात, तेव्हा फ्रिजवर एक कागद लाव, जे घ्यावंसं वाटेल ते लिहायचं, बाजूला तारीख, आणि पुढच्या पगारापर्यंत थांबायचं. एवढं एकच. नवऱ्यालाही त्यावर लिहू दे, त्याच्या वस्तू खोडू नकोस. मुलाच्या खेळण्यांचंही तेच, तो शाळेत गेला असताना पिशवी भरू नकोस, एक खोका दे, तुला जे ठेवायचंय ते ह्यात मावलं पाहिजे म्हणून सांग आणि मग तुटकी जेसीबी ठेवून नवी गाडी देऊन टाकली तरी बोलू नकोस.

पाडव्याला जे कपडे निघतील त्यांचं काय करायचं तेही सांगते, नाहीतर पिशव्या दाराशी महिनाभर पडून राहतात आणि मग परत कपाटात जातात. चांगले, धुतलेले, बटणं शाबूत असलेले कपडे गूंजसारख्या संस्थेला दे, १९९९ पासून त्यांचं हेच काम चालू आहे, शहरातलं जुनं सामान गावांपर्यंत नेतात, विटक्या सुती कापडातून पाळीसाठी पॅडसुद्धा बनवतात. वृद्धाश्रमात द्यायचं असेल तर आधी फोन कर, बहुतेक ठिकाणी साड्यांचा ढीग असतो आणि हवे असतात डायपर. बोहारीण येत असेल तर तिलाही दे, तिचं पोट आहे त्यावर, फक्त मोबदल्यात पातेलं घेऊन येऊ नकोस, नाहीतर कपाटातलं निघून ओट्याखाली गेलं. मऊ झालेल्या सुती साड्या मात्र कुणालाच देऊ नकोस, त्या सासूबाईंना दे. गोधडी येते का विचार त्यांना, माणदेशातल्या आहेत, बहुतेक येतच असेल. जुने मोबाईल आणि चार्जर भंगारवाल्याला नको, ओल्या-सुक्या कचऱ्यातही नको, ई-कचरा घेणारे असतात त्यांनाच.

घराची कागदपत्रं, जुनी शेअर सर्टिफिकेट, सासऱ्यांची पेन्शनची पुस्तकं असलं काही माळ्यावर किंवा त्या ट्रंकेत होतं का हे तू बघितलं होतंस ना? पत्रात लिहिलं नाहीयेस. नसेल बघितलं तर आज भंगारवाल्याकडे जायला हे अजून एक कारण. ट्रंक सापडली पण आतलं सामान त्याने वेगळं काढून ठेवलं असेल तर रद्दीच्या ढिगातही बघ, लाज वाटून घेऊ नकोस.

आणि मिळाली तर ती परत माळ्यावर चढवू नकोस. हॉलमध्ये ठेव, फडक्याने पुसून, झाकण बंद. सासूबाईंना वाटेल तेव्हा त्या उघडतील, आज उघडतील, महिन्याने उघडतील. उघडली की शेजारी जाऊन बस, काय काय निघतं ते बघ, हे कुणाचं, ते कुणाचं, विचारत राहा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही हे त्या बोलल्या तर ऐक, नाही बोलल्या तर तू विचारू नकोस.

बंबाचं काय झालं ते मात्र मला नक्की कळव, मी वाट बघतेय.

तुझी मावशी